छोटी लाइन फळीवर : मॉडेल रेल्वेची सुरुवात कुठून करावी

आज मॉडेल रेल्वेबद्दल बोलायचं आहे, आणि अगदी पहिल्या पायरीपासून. रूळ म्हणजे फक्त स्टेशनात दिसतात ते, एवढंच ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी हा भाग आहे. ज्यांच्या माळ्यावर कुणा भाच्याने परदेशातून आणलेला आगगाडीचा खोका दहा वर्षं पडून आहे, त्यांच्यासाठी तर नक्कीच आहे. मी जबलपुरातून बोलतोय, त्यामुळे उदाहरणं इथली येतील. तुम्ही नागपूर, इंदूर, बेळगाव कुठेही असा, आपापल्या गावचं स्टेशन डोळ्यासमोर ठेवून ऐका.

मॉडेल रेल्वे म्हणजे खरी रेल्वे ठरावीक प्रमाणात लहान करून मांडायची आणि ती चालवायची. दुकानातली बॅटरीची गाडी चालते, पण तिचं इंजिन बटाट्यासारखं फुगलेलं आणि रूळ बोटाएवढे जाड असतात. तिथे प्रमाण नसतं. कचेरीतल्या काचेच्या पेटीतला इंजिनाचा नमुना अचूक प्रमाणात असतो, पण जागचा हलत नाही. आपल्याला दोन्ही हवं असतं, आणि सगळी मजा नि सगळी कटकट त्यातूनच सुरू होते.

मराठी माणसाला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. एका दालनात अख्खं शहर, रस्ते, सर्कस आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या, सगळं १:८७ या प्रमाणात. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८२ मध्ये, जोशींनी सुटा करून नेता येईल असा देखावा पुण्याच्या गोपाळ हायस्कूलमध्ये मांडला होता. तो उचलणं, जोडणं, पुन्हा सोडवणं यात फार वेळ नि श्रम जातात म्हणून कायमच्या जागेचा विचार पुढे आला. म्युझियम पाहून घरी आलेला उत्साही माणूस ही मधली सोळा वर्षं विसरतो, आणि पहिल्याच रविवारी अख्खं शहर बांधायला घेतो.

नाहीतर दुसरी गोष्ट होते. इंटरनेटवरून एक तयार सेट मागवला जातो. दिवाणखान्यात फरशीवर गोल रूळ मांडले जातात, गाडी फिरते, घरातली सगळी माणसं जमतात, फोटो निघतात. दुसऱ्या रविवारी मुलं असतात. तिसऱ्या रविवारी एकटे वडील. चौथ्या रविवारी खोका माळ्यावर. का? कारण ती गाडी कुठून कुठे चालली आहे, हेच ठरलेलं नव्हतं. जर्मन इंजिन, अमेरिकन डबे आणि खाली आपली मोझॅकची फरशी. गोल फिरणारी वस्तू माणूस किती वेळ बघणार?

म्हणून माझा आग्रह असा की आधी जागा ठरवा, मग प्रमाण, मग रूळ, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण बरोबर उलटे जातात. जागा म्हणजे खोलीतली जागा म्हणत नाही मी, तीही लागेलच. खरी, नकाशावर असलेली, तुम्हाला ओळखीची जागा म्हणतोय. एखादं छोटं स्टेशन, एखादं फाटक, एखादा पूल.

आता जबलपूरचं घ्या. इथला माणूस सहसा मुख्य स्टेशनच करायचं म्हणतो, आणि त्याचं कारणही मोठं आहे. अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे आणि मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांची भेट मार्च १८७० मध्ये इथेच झाली, आणि मुंबई-कलकत्ता हा रेल्वेमार्ग पुरा झाला. आज पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालयही इथेच आहे. अभिमान वाटावा असंच आहे. पण हिशेब करून बघा. बावीस डब्यांची एक्स्प्रेस घेतली, एक डबा साधारण २४ मीटर धरला, तर १:८७ प्रमाणात नुसती गाडीच ६ मीटरच्या वर जाते. फलाट त्याहून लांब. मग दोन्ही बाजूंचे सांधे, यार्ड, वळणं. एवढी खोली ज्यांच्याकडे रिकामी आहे, त्यांना नमस्कार. बाकीच्यांनी पुढे ऐका.

इथे दोन शब्दांचा घोळ आधी सोडवू, कारण नवखा माणूस हमखास तिथे अडकतो. एक शब्द स्केल, दुसरा गेज. स्केल म्हणजे प्रमाण: खरी वस्तू किती पटीने लहान केली. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. दुसरं लोकप्रिय प्रमाण एन: युरोप-अमेरिकेत १:१६०, जपानमध्ये १:१५०, आणि रूळ ९ मिलिमीटरचे. आता एचओचे १६.५ कुठून आले? युरोप-अमेरिकेतल्या नेहमीच्या गेजवरून, जो १४३५ मिलिमीटरचा आहे. त्याला ८७ ने भागा, साडेसोळा येतात.

आपलं ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचं. त्याला ८७ ने भागलं तर यायला हवेत १९ मिलिमीटरहून थोडे जास्त. बाजारात मिळतात साडेसोळाचे. म्हणजे भारतीय इंजिन तुम्ही १:८७ मध्ये अगदी मन लावून बनवलंत आणि एचओच्या रुळावर ठेवलंत, तर खालचा रस्ता जवळजवळ पंधरा टक्के अरुंद दिसणार. पैलवान सायकलवर बसल्यासारखा. हे चालवून घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. खुद्द इंग्लंडात नव्वद-एक वर्षं हेच चाललंय. तिथली इंजिनं अंगाने बारीक, त्या काळच्या मोटारी त्यांत मावेनात, म्हणून गाड्या १:७६ केल्या आणि रूळ साडेसोळाचेच ठेवले. त्यालाच ओओ म्हणतात. सगळा देश थोड्या अरुंद रुळावर गाड्या पळवतो आणि सुखात आहे. (जाता जाता: आपलं ब्रॉडगेज साडेसोळाच्या रुळावर अचूक बसवायचं असेल तर प्रमाण येतं जवळपास १:१००. वास्तुविशारदांच्या मॉडेलचं नेहमीचं प्रमाण तेच, त्यामुळे त्यांच्या कामातली माणसं नि झाडं तयार मिळतात. इंजिन-डबे मात्र सगळे हाताने करावे लागतील. नवख्याने या वाटेला जाऊ नये.)

आता मुद्द्यावर येतो. जबलपूरला आणखी एक रेल्वे होती. इथले लोक तिला छोटी लाइन म्हणायचे. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ पासून गोंदिया-नैनपूर आणि मग १९०५ मध्ये नैनपूर-जबलपूर अशी ही अडीच फुटी नॅरोगेज टाकली. नैनपूर हे तिचं मोठं जंक्शन. तिथून एक फाटा शिवनीवरून छिंदवाड्याला, एक मंडल्याला, एक बालाघाटवरून गोंदियाला. जबलपुरात ती मुख्य स्टेशनापासून वेगळ्या, हाऊबागच्या स्टेशनावर थांबायची. तिथून ग्वारीघाट, मग जमतऱ्याजवळ नर्मदेवरचा पूल, पुढे बरगी, शिकारा, घंसौर करत नैनपूर. गोंदियाकडच्या मराठी कुटुंबांचे जबलपूरशी सोयरसंबंध याच गाडीने सांभाळले. रुंदीकरणासाठी २०१५ च्या ऑक्टोबरपासून ती बंद झाली. आता त्या दिशेने ब्रॉडगेज धावते, वेळ वाचतो, तक्रार कुणाचीच नाही. पण ती छोटी गाडी गेली ती गेलीच.

तिचा गेज ७६२ मिलिमीटर. भागा ८७ ने. उत्तर ८.७५. आणि बाजारात एन प्रमाणाचे रूळ मिळतात ९ मिलिमीटरचे! फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला दिसत नाही. ज्या ब्रॉडगेजसाठी आपल्याला तडजोड करावी लागते, त्याच देशातली छोटी लाइन जगभर मिळणाऱ्या रुळांवर जवळपास अचूक बसते. हा आपला शोध नाही बरं का. ऑस्ट्रियात ७६० मिलिमीटरच्या नॅरोगेज लाइनी आहेत, त्यामुळे युरोपात ही जोडी केव्हाच रूढ आहे. तिला एचओई म्हणतात. प्रमाण एचओचं, रूळ एनचे. त्यासाठी वेगळे रूळही मिळतात, त्यांचे स्लीपर नॅरोगेजसारखे लांब आणि दूरदूर असतात.

याचे फायदे मोजा. इंजिन लहान, डबे लहान, गाडी तीन-चार डब्यांची असली तरी खोटी वाटत नाही. वळण २५ सेंटिमीटर त्रिज्येचं चालतं. एचओच्या मोठ्या गाडीला ३६ ते ४५ लागतात. माणसं मात्र १:८७ चीच, म्हणजे दोन सेंटिमीटरला थोडी कमी. हातात धरून रंगवता येतात. चाळिशीनंतर एन प्रमाणातला एक सेंटिमीटरचा स्टेशनमास्तर रंगवून बघा, मग मी काय म्हणतो ते कळेल.

म्हणून जबलपूरकराने, आणि सातपुड्याच्या या लाइनीवर ज्यांचं बालपण गेलं त्या प्रत्येकाने, छोट्या लाइनीपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. विदर्भातल्यांना शकुंतला आहे. ती यवतमाळ-मूर्तिजापूरची गाडीही अडीच फुटीच, म्हणजे गणित तेच. मिरज-पंढरपूर-लातूरची जुनी बार्शी लाइनही अडीच फुटीच. माथेरान दोन फुटी, त्याचं गणित वेगळं पडतं.

आता पहिला महिना. या महिन्यात एक रुपयाचीही खरेदी करायची नाही. फक्त जागा गोळा करायची. समजा तुम्ही ग्वारीघाट धरलंत. मग स्टेशनची इमारत कशी होती, खोल्या किती, छप्पर कौलारू की पत्र्याचं, तिकिटाची खिडकी कुठल्या बाजूला, हापसा कुठे, चहावाला कुठे बसायचा, फलाट उंच होता की जमिनीला टेकलेला, डब्यांना कोणत्या वर्षी कोणता रंग होता? यातलं बरंच कुठे छापलेलं नाही. ते आहे त्या लाइनीवर नोकरी केलेल्या आणि रोज प्रवास केलेल्या माणसांच्या डोक्यात, आणि ती माणसं आता साठी-सत्तरीला टेकली आहेत. लग्नाच्या अल्बममध्ये वरात उतरतानाचा एखादा फोटो असतो, मागे डब्याचं अर्धं दार दिसतं. तो फोटो आज मागून घ्या. वर्षाने ते घर विकलेलं असतं आणि अल्बम कुठे गेला ते कुणाला सांगता येत नाही.

फोटोवरून माप कसं काढायचं? ज्या फोटोत रूळ समोरून दिसतात, त्यात मोजपट्टी आयतीच आहे: दोन रुळांमध्ये ७६२ मिलिमीटर. फोटोत ते अंतर किती आणि त्याच्या बरोबरीने उभ्या असलेल्या डब्याची रुंदी किती, हे पट्टीने मोजा, त्रैराशिक मांडा, डबा मापात आला. एकाच अंतरावरच्या वस्तूंची तुलना करायची, एवढं पथ्य. मागे उभी असलेली इमारत या पट्टीने मोजलीत तर ती बुटकी निघेल. इमारतीसाठी तिच्यातलीच ओळखीची वस्तू धरा. विटांचे थर मोजता आले तर फारच छान.

आणि प्रत्यक्ष वस्तू बघायची असेल तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं म्युझियम आहे, २००२ पासून. नैनपूरलाही छोट्या लाइनीचं म्युझियम झालंय. तिथे टेप घेऊन जा, परवानगी विचारा आणि चाकाचा व्यास, पायरीची उंची, खिडकीची रुंदी वहीत उतरवा. डिझेल इंजिनावर झेडडीएम अशी अक्षरं दिसतील. झेड म्हणजे अडीच फुटी गेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्हींसाठी.

दुसऱ्या महिन्यात फळी. प्लायवूडचं ताट ८ बाय ४ फुटांचं येतं. वखारीतच त्याचे चार तुकडे करून घ्या, ४ बाय २ चे. त्यातला एक तुमचा, उरलेले तीन कुणाला तरी या नादाला लावून द्यायला. १२ मिलिमीटरचं प्लाय आणि खालून लाकडी पट्ट्यांची चौकट. चौकट नसेल तर पावसाळ्यात फळी पापडासारखी वळते. या मापाची फळी भिंतीला टेकून उभी राहते, पलंगाखाली जाते, आणि रुंदी दोन फूट असल्यामुळे मागच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचतो. हात न पोचणाऱ्या कोपऱ्यातच गाडी रुळावरून उतरते. या बाबतीत तुम्हाला अपवाद भेटणार नाही.

फळीवर पांढरा कागद पसरा आणि पूर्ण मापात आखणी करा. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर. दोन्ही टोकांना २५ सेंटिमीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं, मध्ये सरळ रूळ. पुढच्या सरळ भागात स्टेशन. मागचा सरळ भाग टेकडीआड किंवा सागाच्या जंगलाआड लपवायचा. गाडी दिसेनाशी होते, थोडा वेळ जातो, पुन्हा येते. मधल्या वेळात ती कुठेतरी जाऊन आली असं बघणाऱ्याला वाटतं. सांधा पहिल्या वर्षी एकच ठेवा, स्टेशनाजवळ एक डबा बाजूला काढता येईल इतपत. इथे त्याला काँटा म्हणतात. दुकानात मागताना पॉइंट किंवा टर्नआउट म्हणा, नाहीतर जेवणाचा काटा घरी याल. चढ, पूल, वरून जाणारी दुसरी लाइन, यांचा मोह सगळ्यांना होतो. एका लाइनीवरून दुसरी नेण्यासाठी पाच-सहा सेंटिमीटर चढायचं म्हटलं तर शंभराला दोनच्या चढाने अडीच ते तीन मीटर रूळ लागतात, उतरायला पुन्हा तेवढेच. तुमचा अख्खा वेढा पावणेतीन मीटरचा आहे. तेव्हा राहू द्या.

आता रूळ आणि पैसा. चांगले रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात, तेच ते आजीच्या काळातल्या भांड्यांचं. नावात चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त. बहुतेक माल बाहेरून येतो. खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. परदेशी दुकानाच्या पानावर दिसणारी किंमत तुमची किंमत नसते, एवढं यातून लक्षात घ्या. मागवण्याआधी आजचा दर तपासा, किंवा भारतातल्या विक्रेत्याकडून सगळं धरून किंमत विचारा. खर्च करायचाच तर रूळ आणि इंजिनाचा सांगाडा यांवर करा. बाकी सगळं घरी होतं.

सांगाडा म्हणतोय, कारण छोट्या लाइनीचं तयार इंजिन शोधत बसू नका. एन प्रमाणाचं एखादं लहान डिझेल किंवा इलेक्ट्रिक इंजिन घ्यायचं, वरचं कवच काढायचं, आणि खालच्या चालत्या सांगाड्यावर आपण १:८७ मध्ये बनवलेलं कवच बसवायचं. जाड कार्डशीट, प्लास्टिकशीट, ज्यांची ओळख असेल त्यांच्यासाठी थ्रीडी प्रिंट. पहिलं कवच कार्डशीटचंच करा. फसलं तर वाया जातं पन्नास रुपयांचं सामान, आणि खिडक्या कुठे चुकल्या ते कळतं.

वीज. हा भाग लोकांना अवघड वाटतो, पण आहे सोपा. डावा रूळ एक तार, उजवा रूळ दुसरी तार, इंजिन मध्ये चाकांनी वीज घेतं. शून्य ते बारा व्होल्ट डीसी. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, तारा उलट केल्या की गाडी उलट जाते. तयार कंट्रोलर मिळतो, आणि घरीही होतो: चांगल्या कंपनीचा बारा व्होल्टचा अडॅप्टर, डीसी मोटारचा वेग बदलणारी छोटी सर्किट पट्टी, दिशा बदलायला सहा पायांचा दुहेरी स्विच, आणि मध्ये एक अँपियरचा फ्यूज. फ्यूज विसरू नका. गाडी रुळावरून उतरली की दोन्ही रूळ एकमेकांना भिडतात आणि शॉर्ट होतं. इंजिन घेताना त्यात कोरलेस मोटार आहे का विचारा. असेल तर ही स्वस्त पट्टी वापरू नका, त्या मोटारीला ती मानवत नाही. घरातल्या २३० व्होल्टच्या बाजूला मात्र हात लावायचा नाही, ते काम बंद अडॅप्टरलाच करू द्या.

भाच्याने आणलेला तो खोका आठवतोय? अमेरिकेतला अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, जपानमधला १०० चा. आपल्या सॉकेटमध्ये लावलात तर धूर निघेल. मागे छापलेलं वाचा. १००-२४० लिहिलेलं नसेल तर तो बाजूला ठेवा. इंजिन दोन रुळांवर चालणारं डीसी असेल तर वरच्या आपल्या कंट्रोलरवर चालेल. सेट मेर्कलिनचा एचओ असेल तर वेगळी गोष्ट: त्यात रुळाच्या मधोमध बारीक टोकांची तिसरी वाट असते, ती पद्धतच निराळी. ते सामान दुसऱ्या रुळांत मिसळू नका. डिजिटल पद्धत, ज्यात प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र हुकूम देता येतो, ती उत्तमच आहे. पण तुमच्याकडे इंजिन एकच आहे. हुकूम कुणाला वेगवेगळे देणार?

एक सापळा सांगून ठेवतो. रूळ पुढे नेऊन, वळवून पुन्हा स्वतःलाच जोडायचा, म्हणजे गाडी तोंड फिरवून परत येईल, ही कल्पना प्रत्येकाला सुचते. बोटाने आखून बघा: असा वेढा घालून आल्यावर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो. शॉर्ट. त्यावर उपाय आहेत, पण पहिल्या फळीवर नकोत. साधा लंबगोल आणि आठचा आकडा, दोन्हींत ही अडचण येत नाही.

रूळ बसवताना जोडापाशी व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवा. जबलपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत रूळ वाढतो, फट नसेल तर धनुष्यासारखा उठतो. मोठ्या रेल्वेत हेच होतं, तिथे आपण फक्त खटखट ऐकतो. रुळाखाली दोन-तीन मिलिमीटरचं कॉर्क घातलंत तर आवाज निम्मा होतो आणि खालच्या मजल्याशी संबंध टिकतात.

आणि मग सगळ्यात आनंदाचा भाग, देखावा. टेकडी थर्माकोलची, वर कागदाचा लगदा किंवा प्लास्टर. वाळलेल्या तुळशीच्या काटक्यांची झाडं सुरेख होतात, फांद्या फुटण्याची पद्धतच झाडासारखी. आगपेटीची काडी म्हणजे १:८७ मध्ये साधारण साडेतीन मीटरचा खांब. रुळाखालच्या खडीसाठी काळ्या दगडाची भुकटी चाळून घ्या. भेडाघाटच्या पांढऱ्या दगडाची पूड फुकट मिळाली तरी खडीला वापरू नका, रूळ मिठात ठेवल्यासारखे दिसतात. नर्मदेची वाळू घेणार असाल तर धुवा, वाळवा आणि कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून दोन-तीनदा फिरवा. काळे कण चिकटून येतील. ते रुळावर राहिले तर इंजिनातल्या चुंबकाकडे ओढले जातात आणि मोटार खातात. दगडाच्या भुकटीलाही हीच परीक्षा. खडी पसरली, ब्रशने रुळांमध्ये बसवली, की पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून फवारा, आणि मग निम्मं पाणी घातलेलं फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा. साबणामुळे ते आत मुरतं, नाहीतर थेंब मोत्यासारखे वर बसून राहतात. सांध्याच्या हलत्या पात्यांपाशी मात्र फेव्हिकॉल नको. तिथली खडी सुटीच राहू द्या.

गाडी चालायला लागली की हात आवरा. छोटी लाइन ताशी ४० किलोमीटरने चालली असं धरलं, तर १:८७ मध्ये ती सेकंदाला तेरा सेंटिमीटरसुद्धा जात नाही. एक मीटरला जवळजवळ आठ सेकंद, तुमच्या फळीचा एक वेढा एकवीस-बावीस सेकंदांत. मोबाइलवर वेळ लावून बघा, फार सावकाश वाटेल. स्टेशनात थांबवा. खऱ्या गाडीएवढं थांबवा, चहा होईल एवढं. सुरुवातीला मुलं कुरकुरतील, पण थोड्या दिवसांत तीच गार्डची शिट्टी मागायला येतात.

चालवून झाल्यावर फळीवर जुनी चादर टाका. इथली धूळ बारीक असते, रुळावर तिचा थर बसला की इंजिन धक्के खात चालतं आणि माणूस वायरिंग उसकटायला घेतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने रूळ पुसा, मग इंजिनाची चाकं. पॉलिशपेपर वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत घाण जास्त साचते. बहुतेक वेळा गाडी एवढ्यानेच सुरळीत होते. नाहीच झाली तर जोडांपाशी बोटाने हलकं दाबत एक चक्कर मारा. जिथे दाबल्यावर इंजिन पळतं, तिथला जोड सैल आहे.